घरचा आयपी बदलता असला तरी बिलाचा मेल पोहोचलाच पाहिजे: आउटगोइंग मेलचं सेटिंग



या वेळच्या व्हिडिओत घरच्या कॉम्प्युटरवरून बाहेर जाणारा मेल कसा सेट करायचा ते स्क्रीनवर करून दाखवलं. पण व्हिडिओत हात चालतो, त्यामागचं कारण सांगायला वेळ पुरत नाही. आणि कारण कळलं नाही तर सहा महिन्यांनी राउटर बदलला की पुन्हा "मेल जात नाही" म्हणून फोन येतो. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. व्हिडिओ आधी बघितला असेल तर उत्तम, नसेल तरी हे वाचून काम होईल.

आधी एक उदाहरण. लालबागच्या चाळीत दीड खोलीत स्क्रीन प्रिंटिंग करणारे एक दादा आमच्या बॅचला होते. दिवाळीच्या गिफ्ट बॉक्सवर छपाईचं काम होतं, कोटेशन मागवलं होतं लोअर परळच्या एका ऑफिसने. घरातून निघालं तर चालत वीस मिनिटं. दादांनी रात्री बसून कोटेशन बनवलं, मेल केला, स्क्रीनवर "सेंट" आलं. चौथ्या दिवशी यांनीच फोन केला तेव्हा समोरून उत्तर, "तुमचं कोटेशन आलंच नाही, आम्ही दुसऱ्याला ऑर्डर दिली." दादा म्हणाले, "सर, मी खोटं नाही बोलत हो, सेंटमध्ये दिसतंय बघा." दिसतच होतं. पण "सेंट" म्हणजे तुमच्या हातातून सुटला, एवढंच. समोरच्याच्या दारात पोहोचला असं नाही.

त्यांच्याकडे मेल पाठवायला एक छोटं सॉफ्टवेअर होतं, कोणीतरी टाकून दिलेलं. त्यात "डायरेक्ट सेंड" असा पर्याय टिक केलेला होता. म्हणजे त्यांचा घरचा कॉम्प्युटर मधे कोणालाही न घेता थेट त्या ऑफिसच्या मेल सर्व्हरचं दार वाजवत होता. आणि त्या दारावरचा वॉचमन म्हणत होता, "तुम्ही कोण? तुम्हाला ओळखत नाही."

का ओळखत नाही?

घरच्या इंटरनेटला जो आयपी अ‍ॅड्रेस मिळतो तो तुमच्या नावावर नसतो. प्रोव्हायडरकडे पत्त्यांचा एक साठा असतो, त्यातला जो मोकळा असेल तो तुमच्या राउटरला काही काळासाठी मिळतो. लाईट गेली, राउटर बंद-चालू झाला, की उद्या दुसरा. आज तुमच्याकडे असलेला पत्ता काल दादरच्या कोणाकडे असेल आणि त्याच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरून रात्रभर फालतू मेल गेले असतील. तुमचा काही संबंध नाही, पण पत्ता तोच.

आता धंद्याच्या भाषेत विचार करा. दादरच्या फूल मार्केटमध्ये रोज नवीन माणूस येऊन "उधारीवर माल द्या" म्हणाला आणि रोज राहायचा पत्ता वेगळा सांगू लागला, तर कोण देईल? माणूस प्रामाणिक असेल, पण व्यापाऱ्याला ते कळायला मार्ग नाही. मेल घेणारे सर्व्हर नेमका हाच विचार करतात. तुम्ही वाईट आहात असं ते म्हणत नाहीत. बदलत्या पत्त्यावरून आलेल्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही, एवढा नियम पाळतात.

हा नियम तीन ठिकाणी आडवा येतो. पहिलं म्हणजे पोर्ट २५. मेल सर्व्हर एकमेकांशी या दारातून बोलतात. घरगुती कनेक्शनवर बऱ्याच कंपन्या हे दार बाहेरच्या बाजूने बंदच ठेवतात, म्हणजे व्हायरस लागलेल्या कॉम्प्युटरमधून घाण बाहेर जाऊ नये. अशा वेळी सॉफ्टवेअर नुसतं फिरत बसतं आणि शेवटी "टाइम आउट" म्हणतं.

दुसरं म्हणजे याद्या. स्पॅमहाउस नावाची संस्था पीबीएल नावाची यादी ठेवते, पूर्ण नाव पॉलिसी ब्लॉक लिस्ट. जिथून थेट मेल यायला नको अशा, म्हणजे मुख्यतः घरगुती, पत्त्यांचे पट्टेच्या पट्टे त्यात असतात, आणि पुष्कळदा इंटरनेट कंपन्या स्वतःच ते नोंदवून देतात. तुमचा पत्ता तिथे दिसला तर घाबरू नका, तो काही गुन्हेगारांचा रजिस्टर नाही. आणि "तुमचा आयपी ब्लॅकलिस्ट झालाय, काढून देतो" म्हणत पैसे मागणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आज काढला तरी उद्या राउटर चालू केल्यावर पत्ता दुसराच असणार, तोही त्याच यादीत.

तिसरं, उलटी नोंद. नावावरून पत्ता शोधतात तसं पत्त्यावरून नावही शोधता येतं, त्याला पीटीआर रेकॉर्ड म्हणतात. घरच्या पत्त्याची अशी नोंद एकतर नसते, किंवा प्रोव्हायडरने नंबर घालून केलेलं काहीतरी लांबलचक नाव असतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने ही नोंद नीट असणं सगळ्याच पाठवणाऱ्यांना सक्तीचं केलं आहे. ती नोंद करायचा हक्क पत्ता ज्याचा आहे त्याच्याकडे, म्हणजे प्रोव्हायडरकडे असतो. तुम्ही घरी बसून काहीही केलंत तरी ती बदलत नाही.

गंमत म्हणजे जीमेलचा सर्व्हर असा मेल परत पाठवताना उपायही लिहून देतो. ५५०-५.७.१ असा नंबर असतो आणि पुढे इंग्रजीत साधारण असं असतं की तुमच्या या पत्त्याला आमच्याकडे थेट मेल द्यायची परवानगी नाही, तुमच्या सेवा देणाऱ्याच्या रिले सर्व्हरमधून पाठवा. दादांकडे असे चार मेल येऊन पडले होते. इंग्रजी बघून त्यांनी उघडलेच नव्हते. बाउन्स आलेला मेल कधीही न वाचता उडवू नका, मंडळी. नंबर तरी बघा.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यातून पुढचं सेटिंग लगेच कळतं. मेल पाठवायच्या पद्धतीला एसएमटीपी म्हणतात. तिचा मूळ मसुदा ऑगस्ट १९८२ चा, जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला. म्हणजे आपल्या परळ-लालबागच्या गिरण्यांचा संप जानेवारीत सुरू झाला, त्याच वर्षीचा. तेव्हा नेटवर्कवर विद्यापीठं आणि सरकारी संस्था होत्या, सगळे एकमेकांना ओळखणारे. त्यामुळे "तू कोण" हे विचारायची सोयच त्यात नव्हती. पुढे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने मुंबईसह मोठ्या शहरांत सामान्य लोकांना इंटरनेट दिलं. ज्यांनी ते कुर्रकुर्र करणारं डायल-अप वापरलंय त्यांना आठवेल, प्रत्येक वेळी फोन लावला की नवीन पत्ता. तरी मेल जायचा. कारण कॉम्प्युटर तो व्हीएसएनएलच्या सर्व्हरकडे सोपवायचा आणि पुढचं काम तो सर्व्हर करायचा. म्हणजे बदलत्या पत्त्याचा प्रश्न आजचा नाही, आणि त्याचं उत्तरही आजचं नाही: स्वतः पोहोचवायला जायचं नाही, ज्याचा पत्ता कायमचा आहे अशाच्या हवाली करायचं.

फरक एवढाच पडला की आता हवाली करताना ओळख दाखवावी लागते. डिसेंबर १९९८ मध्ये त्यासाठी वेगळं दार ठरलं, पोर्ट ५८७. त्या दारावर तुमचा आयपी महत्त्वाचा राहत नाही, लॉगिन महत्त्वाचं. गिरगावातून आलात की गावाहून मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, युझरनेम-पासवर्ड बरोबर असेल तर मेल आत घेतला जातो आणि पुढे त्यांच्या ओळखीच्या पत्त्यावरून जातो. पीबीएलची यादीही तिथे आड येत नाही.

आता करायचं काय

ज्यांचं काम साध्या जीमेलवर चालतं त्यांच्यापासून सुरू करू. ब्राउझरमध्ये जीमेल उघडून मेल पाठवत असाल तर तुम्हाला यातलं काहीच करायची गरज नाही, तो गूगलच्याच सर्व्हरवरून जातो. प्रश्न येतो तो बिलिंग सॉफ्टवेअर, टॅली, थंडरबर्ड, आउटलुक किंवा स्कॅनरमधून थेट मेल पाठवायचा असतो तेव्हा.

सर्व्हरचं नाव एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम. (टाईप अर्थातच रोमन लिपीत करायचं, व्हिडिओत स्क्रीनवर मोठ्या अक्षरात आहे, तसंच्या तसं.) पोर्ट ५८७ घेतलात तर सुरक्षेच्या खान्यात स्टार्ट-टीएलएस निवडा, ४६५ घेतलात तर एसएसएल किंवा टीएलएस. ५८७ वर बोलणं उघडं सुरू होतं आणि मग कुलूप लागतं, ४६५ वर पहिल्यापासूनच कुलूप. २०१८ साली आलेल्या आरएफसी ८३१४ मध्ये दुसऱ्या पद्धतीला पसंती आहे. मी पण जिथे पर्याय मिळतो तिथे ४६५ लावतो. पण एक चालत नसेल तर दुसरं लावा, अडून बसू नका. चुकायची जागा एकच: पोर्ट ४६५ आणि सुरक्षा स्टार्ट-टीएलएस, किंवा उलट. अशी जोडी जमत नाही, आणि एररही धड काही सांगत नाही.

युझरनेम म्हणजे पूर्ण मेल आयडी. आणि पासवर्ड... इथे निम्मे लोक अडकतात. तुमचा नेहमीचा जीमेलचा पासवर्ड इथे चालत नाही. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ती सोय बंद केली. आता आधी खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं, मग "अ‍ॅप पासवर्ड" तयार करायचा. १६ अक्षरांचा मिळतो, एकदाच दिसतो. तो सॉफ्टवेअरमध्ये टाका, वहीत लिहून मॉनिटरवर चिकटवू नका. गरज पडली तर नवीन बनवता येतो.

दोन गोष्टी अ‍ॅप पासवर्डबद्दल अजून. प्रत्येक कॉम्प्युटरला, प्रत्येक सॉफ्टवेअरला वेगळा बनवा आणि नाव द्या: "घरचा टॅली", "दुकानचा स्कॅनर". कामावरचा मुलगा सोडून गेला, लॅपटॉप चोरीला गेला, तर तेवढाच रद्द करता येतो, बाकी काम चालू राहतं. आणि मुख्य पासवर्ड बदललात की सगळे अ‍ॅप पासवर्ड आपोआप रद्द होतात. "काल रात्रीपर्यंत चालत होतं, सकाळपासून ५३५ येतंय" असं कोणी म्हटलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, काल पासवर्ड बदलला का? ५३५ म्हणजे लॉगिन नाकारलं, एवढाच अर्थ आहे. त्याचा इंटरनेटशी संबंध नाही, राउटर बंद-चालू करून काही होणार नाही.

हॉटमेल किंवा आउटलुक डॉट कॉमचा आयडी असेल तर परिस्थिती अजून कडक आहे. मायक्रोसॉफ्टने १६ सप्टेंबर २०२४ पासून या खात्यांसाठी नुसतं नाव-पासवर्डचं लॉगिन बंद केलं. सॉफ्टवेअरला ओऑथ नावाची पद्धत येत असेल, म्हणजे लॉगिनसाठी मायक्रोसॉफ्टचीच खिडकी उघडत असेल, तरच चालेल. थंडरबर्डला येते. जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरला बहुधा येत नाही. तिथे डोकं फोडण्यापेक्षा बिलांसाठी दुसरा आयडी घ्या.

मर्यादाही लक्षात ठेवा. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० मेल, वर्कस्पेसच्या पैसे भरलेल्या खात्यावरून २०००. ती ओलांडली की पाठवणं काही तास, जास्तीत जास्त एक दिवस बंद होतं. पाडव्याच्या दिवशी सगळ्या गिऱ्हाइकांना शुभेच्छा पाठवून संध्याकाळी बिल पाठवायला बसलेले लोक मी पाहिलेत. शुभेच्छा आणि बिलं एकाच खात्यावरून नकोत. अ‍ॅटॅचमेंट जीमेलवर २५ एमबीपर्यंत, पण मेलमध्ये जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे वीस एमबीच्या वर समोरचा सर्व्हर घेईलच असं नाही. डिझाइनच्या मोठ्या फाइलची लिंक पाठवा.

स्वतःचं डोमेन असेल तर

धंदा थोडा मोठा झाला की माणूस स्वतःच्या नावाचं डोमेन घेतो. माझं मत विचाराल तर आधी घ्यावं, दुकानाच्या पाटीइतकंच ते महत्त्वाचं आहे. आयपी बदलत राहील, प्रोव्हायडर बदलेल, उद्या तुम्ही लालबागहून डोंबिवलीला जाल, नाव तेच राहतं. मेलच्या जगात पत कमवायची ती या नावावर.

पण मग मेल कोणाच्या हवाली करायचा? गूगल वर्कस्पेस आहे, आपल्या चेन्नईच्या झोहोची मेल सेवा आहे, दिवसाला शेकड्यांनी बिलं जात असतील तर ब्रेव्हो किंवा अ‍ॅमेझॉन एसईएससारख्या रिले सेवा आहेत. वेबसाइटच्या स्वस्त होस्टिंगबरोबर फुकट मिळणारा मेलही असतो. त्याबद्दल सावध राहा. एका सर्व्हरवर शेकडो वेबसाइट, सगळ्यांचा मेल एकाच पत्त्यावरून जातो. चाळीत एका बिऱ्हाडाने घाण केली की नाव सगळ्या चाळीचं खराब होतं, तसं आहे ते.

सेवा कोणतीही घ्या, डोमेनच्या डीएनएसमध्ये तीन नोंदी कराव्या लागतात. एसपीएफ म्हणजे "माझ्या नावाने मेल पाठवायचा अधिकार या सर्व्हरना आहे" अशी जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवर उमटणारी सही, तिची खूण डीएनएसमध्ये ठेवायची. डीमार्क म्हणजे या दोन्हींत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं याची सूचना. मजकूर सेवा देणारी कंपनीच देते, आपण कॉपी-पेस्ट करायचं. डीमार्कमध्ये सुरुवातीला धोरण "नन" ठेवा, पंधरा-वीस दिवस रिपोर्ट बघा, मग कडक करा.

यात दोन चुका मी पुन्हा पुन्हा बघतो. एक, एसपीएफच्या दोन नोंदी. जुन्या होस्टिंगवाल्याची एक होती, नवीन सेवेची दुसरी टाकली. डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते, दोन असल्या की तपासणी एररमध्ये जाते. दोन्ही सेवा हव्या असतील तर एकाच नोंदीत लिहा. दुसरी चूक जास्त हुशार माणसं करतात: घरचा आयपी एसपीएफमध्ये घालतात. तो आज तुमचा आहे, परवा कोणा तिसऱ्याचा. म्हणजे तुम्ही अनोळखी माणसाला तुमच्या लेटरहेडवर सही करायचा अधिकार लिहून दिलात. मेल रिलेमधून जात असेल तर घरच्या आयपीला त्या यादीत काहीच काम नाही.

"डायनॅमिक डीएनएस लावलं तर?" हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतो, कारण दुकानाचा सीसीटीव्ही मोबाइलवर बघायला लोकांनी ते लावलेलं असतं. ते बाहेरच्या माणसाला तुमच्यापर्यंत यायला उपयोगी आहे: पत्ता बदलला की नावापुढचा पत्ताही बदलतो. बाहेर जाणाऱ्या मेलचा प्रश्न वेगळा, तिथे समोरचा तुमचा पत्ता बघून निर्णय घेतो, त्यामुळे काही फरक पडत नाही. स्टॅटिक आयपी विकत घेतला तरी नुसत्या त्याने भागत नाही, पीटीआर प्रोव्हायडरकडून करून घ्यावा लागतो, पोर्ट २५ उघडून घ्यावं लागतं आणि नवीन पत्त्याची पत शून्यापासून उभी करावी लागते. पाच माणसांच्या धंद्याला हा खटाटोप परवडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

चाळीत केबलवाल्याचं नेट असेल तर आणखी एक प्रकार दिसेल. राउटरच्या पानावरचा वॅन आयपी बघा आणि गूगलवर स्वतःचा आयपी विचारा. दोन्ही वेगळे आले, आणि राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ यांमधला असेल, तर बाहेरचा एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे. तिथे घरी मेल सर्व्हर ठेवायचा विचारच सोडा. ५८७ आणि ४६५ मात्र अशा कनेक्शनवरही व्यवस्थित चालतात.

घरी लिनक्सचा सर्व्हर ठेवणारी एक-दोन मंडळी असतातच. त्यांच्यासाठी: पोस्टफिक्समध्ये रिलेहोस्टच्या ओळीत रिलेचं नाव आणि पोर्ट ५८७ टाका, लॉगिन वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, आणि ती फाइल फक्त रूटला वाचता येईल असं करा. तत्त्व तेच.

सगळं बरोबर असून चालत नसेल तर कॉम्प्युटरची तारीख बघा. हसू नका. लॅमिंग्टन रोडवरून दहा-बारा वर्षांपूर्वी जुळवून घेतलेला पीसी असतो, मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो, चालू केला की तारीख कित्येक वर्षं मागे. सर्टिफिकेटची मुदत तारखेवर तपासली जाते, ती चुकली की सुरक्षित जोडणीच होत नाही. नाण्याएवढा सेल बदलला की काम झालं. विंडोज ७ वरच्या जुन्या सॉफ्टवेअरला नवीन टीएलएस जमत नाही, तिथे मात्र सेल बदलून उपयोग नाही. आणि अँटीव्हायरसमध्ये "मेल शील्ड" असेल तर तपासण्यापुरतं बंद करून बघा.

एवढं झालं की स्वतःच्याच एखाद्या जीमेलवर चाचणीचा मेल पाठवा. मेल उघडून उजवीकडच्या तीन टिंबांत "शो ओरिजिनल" दाबा. वरती एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क असे तीन खाने दिसतील. तिन्हींपुढे "पास" हवं. डीकेआयएमपुढे "पास" आहे, पण डोमेन तुमचं नसून सेवा देणाऱ्या कंपनीचं दिसतंय, तर तुमची सही अजून चालू झालेली नाही, त्यांच्या पॅनेलमध्ये जाऊन ती चालू करा. मग एक मेल ज्या गिऱ्हाइकाचं ऑफिस मोठं आहे त्यांच्या अकाउंट्स विभागाला पाठवा आणि फोन करून विचारा, इनबॉक्समध्ये आलाय की जंकमध्ये. कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या पैशांची कमाल ४५ दिवसांची मुदत माल स्वीकारल्यापासून मोजतात, पण समोरचा अकाउंट्सवाला मोजतो बिल हातात आल्यापासून. म्हणून हा फोन टाळू नका.

लालबागच्या दादांचं सेटिंग आम्ही अर्ध्या तासात बदललं, "डायरेक्ट सेंड"ची टिक काढली, रिले लावला. ती ऑर्डर काही परत आली नाही. पण त्या ऑफिसच्या बाईंना त्यांनी नवीन मेलवरून सॅम्पलचे फोटो पाठवले, तो मेल पोहोचला, आणि कॅलेंडरच्या छपाईचं कोटेशन त्यांच्याकडे मागितलं गेलं.

पुढच्या व्हिडिओत एका चालू डोमेनवर डीकेआयएमची नोंद करून दाखवतो. तोपर्यंत तुमच्या डोमेनच्या पॅनेलचं लॉगिन शोधून ठेवा. ज्याने वेबसाइट बनवून दिली त्याच्याकडेच ते असेल तर आजच मागून घ्या.